आधी कुंपणापर्यंत जाऊन या

धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीच्या बाजूने सकाळी गेलात, तर एखादं लहानसं पांढरं विमान बहुधा दिसेल. ते उठतं, वळतं, शेतांवरून लांबट चौकोन पुरा करतं आणि परत खाली येतं. चाकं टेकतात न टेकतात तोच इंजिनाचा आवाज चढतो, आणि विमान पुन्हा वर. अर्धा-पाऊण तास हेच चालू. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, कुणीतरी उगाच घिरट्या घालतंय. पण आत बसलेला वीस-बावीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी त्या वेळी विमान उतरवायला शिकत असते. या चकरांना सर्किट म्हणतात. विमान उडवणं लवकर जमतं, उतरवणं अंगात भिनायला अशा शेकडो चकरा लागतात.

बारावीचे निकाल लागले की ओळखीपाळखीतून मला ठरलेला प्रश्न येतो, ‘मुलीला पायलट व्हायचंय, कुठे घालू?’ मी आधी विचारते, ‘ती कधी लहान विमानाजवळ उभी राहिली आहे का? हवेत गेली आहे का?’ उत्तर बहुतेक वेळा नाही असंच असतं. पन्नास लाखांच्या घरातला निर्णय आपण माहितीपत्रकावरच्या फोटोवरून घेतो. दोन बिघे जमीन घ्यायची असली तरी आपण चार वेळा बांधावर जाऊन येतो. मग इथेही आधी जाऊन यायला हवं, आणि महाराष्ट्रात ते आपल्याला वाटतं त्याहून पुष्कळ सोपं आहे.

हे मी आमच्या घरातल्या अनुभवावरून सांगते. माझ्या बहिणीच्या मुलाने बारावीनंतर शहरातल्या एका संस्थेत पैसे भरले. पाटीवर विमानाचं चित्र, आत पांढरा शर्ट आणि खांद्यावर पट्ट्या लावलेले लोक. ‘जागा भरत आल्यात’ असं सांगून त्यांनी आठवड्याच्या आत दीड लाख घेतले. त्या संस्थेकडे एकही विमान नव्हतं. ती पायलटच्या लेखी परीक्षांची शिकवणी होती. शिकवणी असायला हरकत नाही, पण हे त्याला पावतीनंतर कळलं. सहा महिन्यांनी तो वैद्यकीय तपासणीला गेला. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढे ठेवलं. ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायचा असतो. पहिलं पान त्याने वाचलं. दुसऱ्यावर तो थांबला. तिसऱ्यावर त्याला आकडाच दिसेना, आणि त्याला वाटलं, पान छापताना चुकलंय. लाल-हिरव्यातला फरक आपल्याला नीट दिसत नाही, हे त्याला अठराव्या वर्षापर्यंत ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी तो घरी येऊन जेवला नाही. ही तपासणी एका दिवसात आणि काही हजारांत होते. ती आधी झाली असती तर दीड लाख वाचले असते, आणि त्याहून मोठं म्हणजे सहा महिने वाढवलेली आशा एका पानावर मोडली नसती.

म्हणून पायलट व्हायचं मनात असेल, तर पहिला खर्च वैद्यकीय तपासणीचा करा. डीजीसीए म्हणजे केंद्र सरकारचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. त्याने मान्यता दिलेल्या डॉक्टरांची यादी त्याच्या संकेतस्थळावर असते. आधी क्लास टू तपासणी होते, व्यावसायिक परवान्यासाठी पुढे क्लास वन लागते. दोन्हींचा निकाल हातात आल्याशिवाय मोठी फी भरू नका. चष्मा असला तर घाबरून जायचं कारण नाही. चष्म्याने नजर पूर्ण सुधारत असेल तर सहसा अडत नाही. रंगांधळेपणा मात्र अडतो, आणि तो आपला आपल्याला कळत नाही.

आता हवेत जाण्याबद्दल. मुंबई-पुणेकरांना सर्वांत जवळची आणि स्वस्तातली जागा म्हणजे मावळातलं कामशेत. पुणे–लोणावळा लोकलने कामशेत स्टेशनला उतरायचं, पुढे जीप. मुंबईहून येणाऱ्यांना लोणावळ्याला गाडी बदलावी लागते. तिथल्या डोंगरांवर पॅराग्लायडिंगच्या बऱ्याच शाळा आहेत. हंगाम साधारण ऑक्टोबरपासून मेपर्यंत. पावसाळ्यात बंद. पाचगणीलाही उडतात, पण शिकायचं असेल तर मी कामशेतच सांगेन. डोंगर बुटके आहेत, उतरायला मोकळी माळरानं आहेत, आणि कोणत्या दिशेचा वारा असेल तेव्हा कोणत्या उतारावर जायचं हे तिथल्या लोकांना पाठ आहे.

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा तिथे टँडम केलं. टँडम म्हणजे मागे परवानाधारक पायलट आणि पुढे तुम्ही. छत्री मागे गवतावर पसरलेली असते. खांद्यापासून मांड्यांपर्यंत पट्टे आवळतात आणि प्रत्येक बकल दोनदा ओढून बघतात. मग वाट बघायची. काठीला बांधलेली रिबन हलत होती आणि पायलट तिच्याकडे बघत गप्प उभा होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी अस्वस्थ झाले. तो एवढंच म्हणाला, ‘ताई, वारा ठरवतो, आपण नाही.’ मग एकदम, ‘चला, पळा! पळत राहा, बसू नका!’ छत्री डोक्यावर आली तेव्हा तिने मला मागे खेचलं. चौथ्या की पाचव्या पावलाला पायाखाली जमीन नव्हती आणि पाय तरी पळतच होते.

वर गेल्यावर भीती वाटेल असं मला वाटलं होतं, पण वाटली ती शांतता. खाली वासरू हंबरलं ते स्वच्छ ऐकू आलं. पायलटच्या खांद्यावरचं एक यंत्र मधूनच ‘टिट्-टिट्’ करायचं. वर जाणारी हवा सापडली की ते वाजतं. आमच्या डावीकडे दोन घारी गोल फिरत होत्या. पायलट म्हणाला, ‘त्या पंख हलवत नाहीत बघा. तिथे गरम हवा वर चाललीय.’ आणि आम्ही घारींकडे वळलो. पुस्तकात थर्मल हा शब्द मी कितीदा वाचला होता, पण तो कळला त्या दिवशी. पंधरा मिनिटांत परत जमिनीवर. खर्च तीन-चार हजारांच्या आसपास.

तुमच्या मुलामुलीला तिथे न्याल तेव्हा उतरल्यावर त्यांना लगेच ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. त्यांच्या डोळ्यांकडे बघा आणि रात्री जेवताना ते काय बोलतात ते ऐका. कुणी फोटोबद्दल बोलतं. कुणी विचारतं, ‘पण त्याला वारा बदलला हे आधी कसं कळलं?’ दुसऱ्या जातीचा प्रश्न आला तर पुढचं पाऊल टाका.

पुढचं पाऊल तिथेच आहे. पॅराग्लायडिंगचे पायरीपायरीचे अभ्यासक्रम असतात, पी-वन, पी-टू, पी-थ्री. पहिल्या पायरीत बहुतेक वेळ जमिनीवर जातो. वाऱ्याकडे तोंड करून छत्री डोक्यावर उभी ठेवायची, पडली की पुन्हा उचलायची. हात भरून येतात, गुडघे खरचटतात. मग छोट्या उतारावरून लहान उड्या. पुढे मोठ्या डोंगरावरून एकट्याने उड्डाण, आणि मास्तर खालून वॉकीटॉकीवर सूचना देत असतात. सुट्टीचे चार-सहा दिवस काढावे लागतात आणि खर्च राहण्या-जेवणासकट हजारांतच राहतो. शाळा निवडताना मी चार गोष्टी विचारते. राज्याच्या २०२१ सालच्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? टँडम नेणाऱ्याकडे टँडमचाच परवाना आहे का? राखीव पॅराशूट शेवटचं कधी उघडून पुन्हा घडी केलं? विमा आहे का? आणि पाचवी गोष्ट बघायची, विचारायची नाही. वारा वाईट असताना ते नाही म्हणतात का? ‘आज जमणार नाही, उद्या या’ असं म्हणून पैसे परत करणाऱ्याकडे मी डोळे मिटून जाईन.

पुण्यात हडपसरला केंद्र सरकारचं ग्लायडिंग सेंटर आहे. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं लांब पंखांचं विमान. जमिनीवरची विंच तारेने त्याला ओढते, ते पतंगासारखं वर चढतं, वर गेल्यावर तार सोडायची आणि मग फक्त वाऱ्याची सळसळ. उड्डाणं वर्षभर सारखी चालू नसतात, म्हणून आधी चौकशी करून जा.

फुकटचा आणि सर्वांत कमी माहीत असलेला रस्ता एनसीसीचा. आपल्याला एनसीसी म्हटलं की परेड आठवते. पण मुंबई, पुणे आणि नागपूरला एनसीसीची हवाई पथकं आहेत. त्यांच्या छात्रांना व्हायरस एसडब्ल्यू-८० या दोन आसनी हलक्या विमानातून प्रशिक्षकाबरोबर उडायला मिळतं, एक रुपया न देता. विमानांच्या प्रतिकृती बनवून उडवण्याचं एरोमॉडेलिंगही तिथे शिकवतात. अकरावीला किंवा पदवीला महाविद्यालय निवडताना ‘तुमच्याकडे एनसीसी एअर विंग आहे का?’ एवढं विचारा. या एका प्रश्नासाठी मी दोन ओळखीच्या मुलींना महाविद्यालय बदलायला लावलं, आणि त्याचा मला आजही आनंद आहे.

मग येतात खऱ्या फ्लाइंग स्कूल. आपल्या राज्यात त्या एका जागी नाहीत, हे बरंच आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ सालचा, जुहूचा. जे. आर. डी. टाटांनी १९२९ साली भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळवला आणि १९३२ च्या ऑक्टोबरात कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन ते उतरले ते याच जुहूला. आज जुहूभोवती इमारती दाटल्या आहेत आणि क्लबचं उड्डाण-प्रशिक्षण धुळ्याला चालतं. धुळे जिल्ह्यातच शिरपूरला एक अकादमी आहे. बारामतीच्या धावपट्टीवर प्रशिक्षण संस्था आहेत. जळगावला आहे. गोंदियाजवळ बिरसीला विमानतळ प्राधिकरणाच्या भागीदारीतली राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. नागपूरला राज्य सरकारचा फ्लाइंग क्लब आहे. सीमाभागातल्या वाचकांना बेळगाव जवळ पडेल. अमरावतीजवळ बेलोऱ्याला एअर इंडियाने मोठी शाळा उभारण्याचं जाहीर केलं आहे. म्हणजे खानदेश, विदर्भ, पश्चिम महाराष्ट्र, कुठेही राहत असलात तरी एसटीने जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येईल अशी एखादी धावपट्टी बहुतेकांच्या आवाक्यात आहे.

जाताना आधी फोन करून भेटीची वेळ घ्या. काही शाळा पहिल्या ओळखीचं उड्डाण देतात. प्रशिक्षकाच्या शेजारी बसून थोडा वेळ दांडी हातात मिळते. सगळीकडे ते नसतं, पण विचारायला संकोच नको. नाही मिळालं तर निदान उड्डाणापूर्वीची तपासणी जवळून बघू द्या म्हणा. ती मला प्रत्यक्ष उड्डाणाइतकीच आवडते. विद्यार्थी पहाटे सेसना विमानाभोवती फिरतो. पंखाखालच्या झडपेला एक पारदर्शक नळी लावून थोडं इंधन काढतो आणि उजेडाकडे धरतो. निळसर दिसलं तर ठीक. तळाशी पाण्याचा थेंब असेल तर तो वेगळा गोळा होऊन बसतो. पाणी इंजिनात गेलं तर इंजिन हवेत बंद पडेल. मग तेलाची पट्टी, टायर, पंखांच्या कडेच्या झडपा हाताने हलवून बघणं. कुणी बघत नसतानाही हे रोज, प्रत्येक उड्डाणाआधी, त्याच क्रमाने. तुमचं मूल दप्तर कसं भरतं, सायकलची हवा स्वतः बघतं का, हे त्या वेळी तुम्हाला आठवेल. आठवू द्या.

परवान्याचं गणित थोडक्यात असं. सोळाव्या वर्षी विद्यार्थी-परवाना मिळू शकतो, सतराव्या वर्षी खासगी, अठराव्या वर्षी व्यावसायिक. खासगी परवान्याला दहावी पुरते आणि किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. हौस असलेला डॉक्टर, दुकानदार, शेतकरी कुणीही तो काढू शकतो. त्यावर पगार मात्र घेता येत नाही. व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं, असा नियम चालत आला आहे. कला-वाणिज्यवाले हे दोन विषय मुक्त विद्यालयातून देत आले आहेत. या अटीत बदलाची चर्चा झाली आहे, म्हणून ताजा नियम डीजीसीएच्या संकेतस्थळावर वाचूनच ठरवा. लेखी परीक्षा नेव्हिगेशन, हवामान, नियम आणि तांत्रिक विषयांच्या. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात. शिवाय रेडिओवर बोलण्याची वेगळी परीक्षा असते. हवामानाचा विषय मुलांना रटाळ वाटतो. कामशेतला घारी बघून आलेल्याला तो वाटत नाही.

शाळेत गेल्यावर फी विचारण्याआधी हे विचारा: विमानं किती, त्यातली आज उडण्याजोगी किती, विद्यार्थी किती, प्रशिक्षक किती? दोनशे तास पुरे व्हायला मागच्या तुकडीला प्रत्यक्षात किती महिने लागले? जाहिरातीत वर्ष-दीड वर्ष लिहिलेलं असतं. विमान दुरुस्तीला, प्रशिक्षक नाही, पावसाळा, धुकं, धावपट्टी दुसऱ्या कामाला दिलेली, असं करत ते दोन-तीन वर्षांवर जाऊ शकतं, आणि खोलीचं भाडं व कर्जाचं व्याज थांबत नाही. हे प्रश्न कार्यालयात विचारा आणि मग बाहेर चहाच्या टपरीवर बसलेल्या विद्यार्थ्यांनाही विचारा. दोन्हीकडे एकच आकडा आला तर ती शाळा प्रामाणिक. फी एकरकमी देऊ नका, जेवढे तास उडले तेवढे हप्ते, हे कागदावर घ्या. अर्ध्यावर सोडलं तर परतावा किती, तेही कागदावर. डीजीसीएच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत नाव आहे का ते स्वतः बघा. २०२५ पासून डीजीसीए या शाळांची क्रमवारीही लावते, तिच्यातला दर्जा बघून ठेवा.

एकूण खर्च चाळीस ते साठ लाखांच्या दरम्यान जातो. पुढे विशिष्ट जातीचं मोठं विमान चालवण्याचं प्रशिक्षण वेगळं, त्याचे आणखी लाखो. शैक्षणिक कर्जाला एवढ्या रकमेवर बँक तारण मागते, म्हणजे बहुतेक घरांत राहतं घर. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून, कोरा कागद घेऊन, नोकरी लगेच लागली नाही तर दोन वर्षं हप्ता कुठून येणार हे लिहून काढा. मुलापासून हे लपवू नका. इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी ‘महाज्योती’ या राज्य सरकारच्या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. जागा थोड्या असतात. त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, अनेक पात्र मुलांपर्यंत ही बातमीच पोचत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

एक सावधगिरी शब्दांची. ‘एव्हिएशन कोर्स’ या दोन शब्दांत आज काहीही मावतं. विमानतळावरच्या काउंटरची नोकरी, हवाई सुंदरीचा डिप्लोमा, हॉस्पिटॅलिटी, सगळं. त्यातलं काही उपयोगी असेल, पण त्यातून पायलटचा परवाना मिळत नाही, आणि केबिन क्रूला विमान कंपन्या निवड झाल्यावर स्वतःच शिकवतात. विमानदुरुस्तीच्या अभियंत्याचा अभ्यासक्रम वेगळा आणि भक्कम आहे, मात्र तोही डीजीसीएच्या मान्यतेचाच हवा. ‘हा कोर्स संपल्यावर मुलाच्या हातात सरकारचा कोणता परवाना येईल?’ एवढं विचारा आणि उत्तराची वाट बघा.

घरात शेती असेल तर ड्रोनकडे जरूर बघा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे अठरा वर्षं पूर्ण आणि दहावी पास असलेल्याला मान्यताप्राप्त केंद्रात काही दिवसांचं प्रशिक्षण घेऊन रिमोट पायलटचं प्रमाणपत्र मिळतं. फवारणीच्या हंगामात गावात त्याला काम आहे. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या खेळण्याएवढ्या ड्रोनला हे प्रमाणपत्र लागत नाही, पण विमानतळाच्या आसपास तोही परवानगीशिवाय उडवू नका. धावपट्टीच्या कुंपणाशी उभे असाल तेव्हा तर नाहीच.

माझा भाचा आता पुण्यात नोकरी करतो. शनिवारी पहाटेची लोकल पकडून कामशेतला उतरतो. त्या छंदासाठी कुणी त्याला ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं नाही. मागच्या दिवाळीनंतर त्याने पी-थ्री पुरी केली. टेकडीवर तो रिबनकडे बघत उभा असतो तेव्हा मी खाली माळावर थर्मास घेऊन बसते. एका शनिवारी वारा जुळला नाही. अकरा वाजता त्याने छत्री न उघडताच पाठीवर टाकली, डोंगर चालत उतरला, आणि चहाचा कप घेत म्हणाला, ‘मावशी, पुढच्या शनिवारी बघू.’